परत सांग

माझं दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर आहे. टायपिंग, बाइंडिंग आणि भाषा-दुरुस्ती, असं पाटीवर लिहिलंय. त्यातलं तिसरं काम म्हणजे खरं तर भाषा बिघडवून देणं, पण तसं लिहिलं तर गिऱ्हाईक फिरकेल का? सतरा वर्षं मी हेच करतेय. पोरं-पोरी प्रबंध घेऊन येतात, त्यात लिहिलेलं असतं, 'आम्ही शंभर घरांत जाऊन विचारलं.' मी त्याचं करते, 'प्रस्तुत अभ्यासांतर्गत शतसंख्य कुटुंबांकडून माहिती संकलित करण्यात आली.' साधं वाक्य आत येतं आणि कोट-टाय घालून बाहेर पडतं. आत गुदमरलं तर ते त्याचं नशीब.

त्यासाठी माझ्याकडे एक वही आहे. डावीकडे लोकांचे शब्द, उजवीकडे विद्यापीठाचे. 'म्हणून' आलं की 'तदनुषंगाने', 'दिसलं' आलं की 'निदर्शनास आले'. मग काळा कापडी पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरं, की झाला माणूस विद्वान. माझ्या हातचा एकही प्रबंध भाषेवरून परत आला नाही, याचा मला भारी गर्व होता. होता म्हणतेय, लक्षात घ्या.

माझी वहिनी या सगळ्याच्या बरोबर उलट. ती मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे, शस्त्रक्रिया झालेल्या बायकांच्या वॉर्डात, बावीस वर्षं. आम्ही एकाच घरात राहतो, आई, दादा, ती आणि मी. घरात तिच्यासमोर मोघम बोलायची सोय नाही. दादा एकदा सहज म्हणाला, "भाजी बरी झालीय." झालं! "बरी म्हणजे काय? मीठ कमी आहे की शिजली नाही? नीट सांगा, म्हणजे मला काही करता येईल." दादा आता जेवताना तोंड उघडतो ते फक्त घास घालायला.

तर ही वहिनी पंचेचाळिसाव्या वर्षी पीएचडीच्या मागे लागली. नर्सिंगच्या शाळेत शिकवायची जागा निघणार होती, तिला पदवी हवी होती, आणि वयाची अट अशी की हे शेवटचं वर्ष. ही जागा गेली की गेली. तिला खुर्ची नको होती हो, मुली हव्या होत्या. "वॉर्डात आल्यावर मुलींना सवयी लागलेल्या असतात," ती म्हणायची, "मला त्या आधीच हातात पाहिजेत."

तिचा विषय होता ताबा. दवाखान्यात दुपारी दोनला पाळी बदलते तेव्हा जाणारी नर्स येणारीला एकेका खाटेपाशी नेते आणि पेशंटबद्दल सांगते, त्याला ते ताबा देणं म्हणतात. वहिनीच्या वॉर्डात एक जास्तीचा नियम आहे, तिनेच घातलेला. येणारीने ऐकलेलं सगळं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. सांगता आलं तरच जाणारी म्हणते, "ताबा तुझा," आणि मगच घरी जाते. नाही आलं तर दोघी तिथेच उभ्या. सुरुवातीला मुलींनी नाकं मुरडली, मागून नकला केल्या, पण वहिनी बधली नाही. तिने दोन वॉर्डांमधले चारशे ताबे कानांनी ऐकले, कोण काय बोललं ते शब्दन् शब्द लिहून काढलं, आणि कुठल्या बोलण्यातून काय निसटतं ते दाखवलं. साध्या, सरळ भाषेत. कोणीही वाचावं आणि कामाला लागावं.

तो प्रबंध तिसऱ्यांदा परत आला त्या दिवशी ती गणवेशातच माझ्या दुकानात आली आणि गठ्ठा टेबलावर आपटला. डिंकाची बाटली उडाली.

"घे गं शहाणे. तुझ्याच पायरीवर आणलंस मला शेवटी."

वर तिच्या मार्गदर्शकांचा शेरा होता. या सरांना आमच्या गल्लीत सगळे परिप्रेक्ष्य सर म्हणतात, कारण तो शब्द घातल्याशिवाय त्यांना चहासुद्धा मागता येत नाही. शेरा असा: 'भाषा बाळबोध. संशोधनास न शोभणारी. पान चौऱ्याऐंशी पूर्णतः वगळावे अथवा शास्त्रीय शैलीत मांडावे.'

"काय आहे चौऱ्याऐंशीवर?" मी विचारलं.

"वाच."

मी वाचलं. ते पान मला आता तोंडपाठ आहे, पण त्या दिवशी मी ते गिऱ्हाइकाचं पान म्हणून वाचलं, लाल पेन हातात धरून. दहा-अकराच वाक्यं होती. अकरा वर्षांपूर्वीच्या एका दुपारची गोष्ट होती आणि त्यात वहिनी स्वतः होती.

"वहिनी, हे असं चालत नाही गं प्रबंधात," मी म्हणाले. "'मी' हा शब्दच चालत नाही. आणि स्वतःच्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?"

"मग काय करतेस?"

"दे माझ्याकडे. दोन आठवडे दे."

ती समोरच्या स्टुलावर बसली. दमलेली होती. तीन वर्षं पाळ्या सांभाळून, सुट्ट्या खर्ची घालून तिने ते लिहिलं होतं, आणि अर्ज भरायला पाच महिने उरले होते. "कर बाई काय करायचं ते," ती म्हणाली. "एकदा पदवी पदरात पडू दे."

आणि मी केलं की! जीव ओतून केलं, घरचं माणूस म्हणून जरा जास्तच. चारशे ताब्यांचे 'चतुःशत हस्तांतरण-प्रसंग' झाले. 'नर्स घाईत होती'चं 'कालसंकोचजन्य ताण' झालं. आणि पान चौऱ्याऐंशी! त्या अख्ख्या पानाचं मी एक वाक्य केलं, आणि वर सरांना आवडेल असा त्यांचा लाडका शब्दही पेरला: 'काही प्रकरणी हस्तांतरणप्रसंगी संप्रेषणात उद्भवलेल्या त्रुटींच्या परिप्रेक्ष्यात रुग्णाच्या प्रकृतीसंदर्भात अनिष्ट परिणाम संभवल्याचे निदर्शनास आले.' लिहून झाल्यावर मी खुर्चीला टेकले आणि स्वतःलाच शाबासकी दिली. आता हसू येत नाही, लाज वाटते.

सरांनी आठवड्यात सही केली. 'अत्यंत प्रगल्भ लेखन' असा शेरा. पाच प्रती बांधून परीक्षकांकडे गेल्या. मौखिक परीक्षेची तारीख लागली. दादाने पेढे-बिढे नाही, पण चक्क दोन वाक्यं बोलून अभिनंदन केलं. वहिनी मात्र प्रत हातात घेऊन बसली आणि तिसऱ्या पानावर तिने ती मिटली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आम्ही घरी तालीम केली. दादा परीक्षक झाला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज घोगरा. "हं, उमेदवार बाई, पान चौऱ्याऐंशी वाचा." आई पलीकडे परातीत मटार सोलत होती.

वहिनी वाचायला लागली. 'काही प्रकरणी हस्तांतरणप्रसंगी' इथे ती अडखळली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा अडखळली. हीच बाई वीस खाटांचा ताबा एका श्वासात देते! तिसऱ्यांदा ती शेवटपर्यंत पोचली आणि तिने प्रत मांडीवर ठेवली.

आईने शेंग बाजूला ठेवली. "म्हणजे काय झालं गं त्या बाईचं?"

आईने परात पुढे सारली.

"मेली की जगली?"

"आई, तसं लिहीत नसतात," मी म्हणाले.

"का? मेलेल्या माणसाला मेलं म्हणायला विद्यापीठाची बंदी आहे?" आई माझ्याकडे बघत राहिली. "तू लिहिलंस ना हे? मग तूच सांग. परत सांग मला, काय झालं ते."

घरात सगळ्यांनाच वहिनीचा तो नियम माहीत होता. मी तोंड उघडलं. संप्रेषण, त्रुटी, अनिष्ट... माझंच वाक्य, माझ्याच हातचं, आणि मला ते परत सांगता येईना. मी त्या बाईला धड मरूही दिलं नव्हतं. मला इतका राग आला ना, आईचा, वहिनीचा, त्या वाक्याचा! मी उठून माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी बाहेर आले तर वहिनी ओट्याशी हात धूत होती, कोपरापर्यंत, दवाखान्यात धुतात तशी.

"प्रती गेल्यात वहिनी," मी म्हणाले. "आता काही करता येत नाही. उद्याचा दिवस ढकल. खुर्चीत बसलीस की मुलींना सांग तुला हवं ते, हव्या त्या शब्दांत."

"हो का," ती म्हणाली. एवढंच.

परीक्षा खुली होती, कोणीही बसावं. मी मागच्या रांगेत बसले. लांब टेबल, पाण्याचा जग, कागदाने झाकलेले तीन पेले. मध्ये अध्यक्ष, डावीकडे परिप्रेक्ष्य सर इस्त्रीच्या सदऱ्यात, उजवीकडे बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. बाई बारीकशा, पांढरे केस, प्रबंधात त्यांनी इतक्या कागदी खुणा घातल्या होत्या की तो कणसासारखा दिसत होता. तासभर प्रश्न चालले. वहिनी आकड्यांबद्दल बोलायची तेव्हा तिचा आवाज खणखणीत, आणि माझं वाक्य मध्ये आलं की पाय घसरल्यासारखा.

मग बाईंनी एक खूण काढली. "चौऱ्याऐंशी. हे पान मला कळलं नाही. समजावून सांगाल?"

सर लगेच पुढे झाले. "मॅडम, तिथे उमेदवाराने संप्रेषणाच्या व्यापक परिप्रेक्ष्यात..."

"सर," वहिनी म्हणाली. "थांबा. आमच्या वॉर्डात एक नियम आहे, त्यावरच हा प्रबंध आहे. ऐकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. तुम्ही या पानावर प्रगल्भ असं लिहून दिलंय. परत सांगा. इथे काय झालं?"

खोलीत कोणीतरी खोकलं. सरांनी पान पाहिलं, उलटं-सुलटं केलं, पेनचं टोपण काढलं, घातलं. "म्हणजे, अनिष्ट परिणाम झाला. संभवला."

"कोणाला?"

"रुग्णाला."

"मेली की जगली, सर?"

मला वाटलं छत कोसळणार आता! सर लालबुंद झाले. अध्यक्ष म्हणाले, "बाई, जरा मर्यादेने." आणि परीक्षक बाई मात्र खुर्चीत सरळ बसल्या आणि म्हणाल्या, "नाही, मलाही तेच विचारायचं आहे."

वहिनीने पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. तिचं जुनं पान चौऱ्याऐंशी. आवाज न चढवता, ताबा द्यावा तसं तिने वाचलं.

'दुपारी पावणेदोनला अकरा नंबरच्या बाई चादरीचा काठ बोटांनी चिवडत होत्या. हात गार होते. सिस्टर, मला काहीतरी होतंय, असं त्या दोनदा म्हणाल्या. नाडी आणि रक्तदाब कागदावर बरोबर होते. माझी घरी जायची वेळ झाली होती. ताबा देताना मी म्हणाले, अकरा नंबर, स्थिर आहे. माझ्यानंतरच्या सिस्टरने तेच ऐकलं आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. बाईंच्या पोटात रक्तस्राव होत होता. चार वाजून दहा मिनिटांनी त्या वारल्या. मी पाहिलं होतं. मी सांगितलं नाही.'

वाचून तिने कागद टेबलावर ठेवला.

सर आता खालच्या आवाजात बोलले, आणि खोटं कशाला सांगू, पहिल्यांदाच मला ते माणूस वाटले. "अहो, मी तुम्हालाच वाचवत होतो. हे छापलंत तर उद्या कोणी तुम्हाला दाराशी उभं करणार नाही. भाषा कधी कधी झाकायलाही लागते."

"झाकायला मलाही एक शब्द सापडला होता, सर," वहिनी म्हणाली. "स्थिर. चांगला भारदस्त शब्द आहे. कुणी उलट विचारत नाही त्याला. तो वापरून मी वेळेवर घरी गेले, आणि त्या बाई गेल्या. आता त्याच गोष्टीवर प्रबंध लिहायचा आणि त्यातही तेच करायचं? मग मी शिकले काय?"

मी कशी उठले मला माहीत नाही. मागच्या रांगेतून ओरडल्यासारखंच झालं. "ते वाक्य तिचं नाही! ते माझं आहे. समोरच्या दुकानात मी लिहिलंय. सर, तुमच्या सगळ्याच विद्यार्थ्यांची मी लिहिते, तुम्हाला ठाऊक आहे." सरांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं निम्मं दुकान तिथेच बंद झालं. झालं तर झालं. सतरा वर्षांचं साठलेलं होतं, ते एकदाचं बाहेर पडलं.

अध्यक्षांनी आम्हाला बाहेर काढलं. बंद दाराआड अर्धा तास. मग बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, काम भक्कम आहे, त्याबद्दल दुमत नाही. दोन वाटा आहेत. बांधलेली प्रत आहे तशी मंजूर करू, आजच सह्या, पंधरवड्यात पदवीचं पत्र. किंवा उमेदवाराला तिच्या मूळ भाषेत प्रबंध पुन्हा सादर करायचा असेल तर परत करू. मग नियमाप्रमाणे नव्याने परीक्षक, नव्याने तारीख, किमान सहा महिने.

अर्जाला सहा आठवडे उरले होते. सगळ्या खोलीत हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. माझ्या मनात आलं, घे, वहिनी, सही घे, जगात कोण वाचतंय प्रबंध! तोंडाशी आलेलं मी गिळलं. परीक्षक बाई पेनचं टोक कागदावर टेकवून थांबल्या होत्या. मला वाटतं, त्यांना काहीतरी अंदाज आला होता.

"परत द्या," वहिनी म्हणाली.

"नीट विचार केलाय?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"मॅडम, ही प्रत माझ्या सहीने ग्रंथालयात गेली तर उद्या एखादी मुलगी ती उघडेल आणि तिला काहीही कळणार नाही. मग तीही स्थिर आहे म्हणेल. परत द्या."

बाहेर आल्यावर ती पायऱ्यांवर बसली आणि रडली. हो, रडली, का लपवू? ती जागा, त्या मुली तिला फार हव्या होत्या. मी तिच्याशेजारी बसले. काय बोलणार, धीर द्यायला मला एकही शब्द सापडेना, माझी ती सबंध वही असून. मग ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "चल. दोनला ड्युटी आहे."

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि पहिली ती वही कागद कापायच्या यंत्राखाली घातली. उगाच शौर्य म्हणून नाही. हाताशी राहिली असती तर मी पुन्हा वापरली असती, स्वतःला ओळखते मी. मग पाटीवरच्या 'भाषा-दुरुस्ती'वर कागद चिकटवला. मग वहिनीच्या प्रतीचा काळा पुठ्ठा सुरीने सोडवला, धागा उसवला, पानं सुटी केली. तिचं हस्तलिखित समोर ठेवून पहिल्यापासून टाईप करायला घेतलं. चारशेचे चारशे ताबे. घाईला घाई, गारला गार.

पान चौऱ्याऐंशीला पोचायला मला नऊ दिवस लागले. ते छापून निघालं तेव्हा दीड वाजून गेला होता आणि वहिनी ड्युटीवर जाताना दारात डोकावली होती, गणवेशात, छातीवर घड्याळ लावून.

"झालं का चौऱ्याऐंशी?"

मी कागद तिच्याकडे धरला. तिने तो घेतला नाही.

"परत सांग," ती म्हणाली.

मी कागद उलटा ठेवला. "अकरा नंबरच्या बाई," मी सुरुवात केली. "पावणेदोनला त्या चादर चिवडत होत्या, हात गार पडले होते, काहीतरी होतंय म्हणून दोनदा म्हणाल्या. नाडी, दाब ठीक होते. ताबा देताना त्यातलं काही सांगितलं गेलं नाही..."

"कोणी?"

"तू. तू स्थिर आहे म्हणालीस. आतून रक्त जात होतं. चार वाजून दहा मिनिटांनी त्या वारल्या." मी खुर्चीतून उठले. "पण वहिनी, तेव्हा तुला कसं कळणार होतं, एवढ्या गर्दीत, दमलेली, तुझी काही चूक..."

"ते पानात नाही," ती म्हणाली. "पुन्हा. शेवटची दोन."

तिच्या तोंडावर ते बोलणं म्हणजे काय, हे ज्याने कधी केलं नसेल त्याला कळायचं नाही. मी तिच्याकडे सरळ बघितलं.

"तू पाहिलं होतंस," मी म्हणाले. "तू सांगितलं नाहीस."

तिने मान हलवली. घड्याळ बघितलं. पावणेदोन वाजले होते.

"ताबा तुझा," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गेली.